नाव नंतर सांग

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पक्ष्यांचं पुस्तक आणलंस, दुर्बीण आणलीस आणि मुलं दहा मिनिटांत कंटाळून आत पळाली. वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या लेकीच्या वेळी माझंही हेच चुकलं होतं. पक्षी दिसला रे दिसला की मी नाव सांगून मोकळी! नाव कळलं की तिचं बघणं तिथेच संपायचं.

मग एकदा सर्दीने माझा आवाज पार बसला. कुंपणावर बुलबुल आला, पण मला बोलताच येईना. तीच हळू आवाजात सांगायला लागली. डोक्यावर तुरा आहे, शेपटीच्या बुडाशी लाल आहे. त्याने एक किडा गिळला आणि चोच फांदीवर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने घासली. "आई, धार लावतोय का गं?" चोचीला चिकटलेलं तो पुसत होता, पण मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी ती आपणहून अंगणात येऊन बसली, 'धारवाला' परत येतो का ते बघायला. पुढे कितीतरी दिवस तो धारवालाच होता. 'बुलबुल' तिने स्वतः पुस्तकात शोधून काढला.

थोर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचंही असंच झालं. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, या प्रश्नापायी मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या निसर्ग अभ्यासणाऱ्या संस्थेत पाठवलं. आधी डाग दिसला, नाव मागाहून कळलं.

म्हणून दुर्बीण सध्या बाजूला ठेव. लहान मुलांना तिच्यातून पक्षी सापडतच नाही आणि ती चिडतात. त्यापेक्षा सकाळी लवकर डोळे मिटून बसा आणि प्रत्येक नव्या आवाजाला एकेक बोट उघडा. चिमण्या आल्या तर एवढंच विचार, की सगळ्यांच्या गळ्याखाली काळं आहे का? चिमणा कोण आणि चिमणी कोण, हे मुलं त्यावरून स्वतःच ओळखतील.

पाण्यासाठी उथळ, खरखरीत तळाचं पसरट भांडं घे. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड ठेव. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपालगत ते ठेवू नकोस. पाणी रोज बदलायचं आणि भांडं घासायचं काम मुलांकडेच दे. आपण भरलेल्या पाण्यात पक्षी पंख फडफडवून आंघोळ करतो, तेव्हा मुलांचे चेहरे बघ!

घरट्याच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. जवळ जायचं नाही, फांद्या बाजूला करून डोकावायचं नाही, फोटोसाठीही नाही. पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर उड्या मारताना दिसलं तर ते बहुतेक वेळा उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळपासच असतात. मुलांना घेऊन मागे सरक. मांजर आसपास असेल तर पिल्लू उचलून जवळच्या झुडपात ठेव. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकून देत नाहीत.

पुस्तक मुलांच्या हाताला लागेल अशा फळीवर असू दे. आणि त्यांनी पहिल्या पक्ष्याचं नाव काय ठेवलं, ते मला नक्की कळव.

तुझ्या
बाई