शाळा दीड किलोमीटरवर आहे. सात वर्षांच्या मुलीला व्हॅनने पाठवू की चालत?

रस्ता ओलांडायला बरा असेल तर चालतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं तरी मध्यम ते जोरदार हालचाल व्हायला हवी. दीड किलोमीटर भरभर चाललं तर वीसेक मिनिटं. जाऊन-येऊन चाळीस झाली की! व्हॅन, मग वर्ग, मग क्लास, अशा दिवसात ही मिनिटं दुसरीकडून काढणं फार अवघड जातं. रविवारी एकदम दोन तास मैदानावर नेऊन रोजच्या चालण्याची जागा भरून निघत नाही. हाडं, स्नायू, हृदय, झोप, सगळ्यालाच रोजची सवय लागते.

मात्र सात वर्षांच्या मुलीला एकटं सोडू नका. येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज या वयात नीट येत नाही. सोसायटीतली चार-पाच मुलं एकत्र करा आणि पालकांनी पाळीपाळीने सोबत जा. थोडं लांब पडलं तरी धूर आणि रहदारी कमी असलेला आतला रस्ता धरा. दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको. २० किलोच्या मुलीला २ किलो, बस्स.

वाटेत हायवे असेल तर व्हॅनच बरी. मग संध्याकाळी तासभर खाली खेळायला सोडा, क्लास बुडाला तरी चालेल.