भुताखेतांवर, अतींद्रिय शक्तींवर विश्वास असण्याचा माणसाच्या स्वभावाशी काही संबंध असतो का?

हो, असतो, पण 'भित्री माणसंच भूत मानतात' इतका सरळ नाही. बहिर्मुख की अंतर्मुख, शिस्तप्रिय की गबाळा, अशा नेहमीच्या गुणांवरून फारसा अंदाज बांधता येत नाही. जास्त स्पष्टपणे दिसतात त्या तीन गोष्टी: कल्पनेत रमण्याची सवय, गाणं, दृश्य, आठवण यांत भान हरपेपर्यंत तल्लीन होण्याची वृत्ती, आणि विश्लेषण करण्याआधी आतल्या आवाजावर भरवसा ठेवण्याची ओढ. याशिवाय मानसशास्त्रात 'स्किझोटायपी' नावाचा गुणसमूह मोजतात. त्यात असंबद्ध घटनांमध्ये अर्थ किंवा संकेत दिसणं येतं, आणि त्याचा या विश्वासाशी वारंवार संबंध आढळला आहे. तो कमीजास्त प्रमाणात धडधाकट माणसांतही असतो, म्हणून कृपया कुणाला त्यावरून वेडं ठरवू नका. अशा अभ्यासांत मानसशास्त्रज्ञ जेरोम टोबॅसिक यांची 26 विधानांची प्रश्नावली खूप वापरली जाते. ती धर्मश्रद्धा, चेटूक, अपशकुन, मृतात्मे, भविष्याची चाहूल वगैरे 7 प्रकार वेगवेगळे मोजते, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण अपशकुन मानणारा माणूस मृतात्मे मानेलच असं नाही. मात्र हे सगळे सहसंबंध आहेत, कारणं नव्हेत. पिंपळावरचा मुंजा लहानपणापासून ऐकलेल्या माणसाचा विश्वास स्वभावापेक्षा घरातूनही आलेला असू शकतो, आणि यातले बरेच अभ्यास पाश्चात्त्य देशांतल्या विद्यार्थ्यांवर झालेले आहेत.