हेगमध्ये जिंकलो, तरी कुलभूषण जाधव सुटले का नाहीत?

तुमचे दोन प्रश्न आहेत. २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात १५ विरुद्ध १ अशा मतांनी निकाल आपल्या बाजूने लागला, तर जाधव अजून पाकिस्तानच्या कैदेत कसे? आणि लष्करी न्यायालय झालं तरी ते न्यायालयच ना, मग त्यात एवढं वावगं काय? मी बरीच वर्षं सेशन कोर्टात फौजदारी वकिली करतोय, म्हणून दुसरा प्रश्न आधी घेतो. पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

जाधव हे नौदलातले माजी अधिकारी. ते इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथून त्यांना पळवून नेलं, असं भारत म्हणतो. ३ मार्च २०१६ रोजी त्यांना बलुचिस्तानात पकडलं, ते हेर आहेत, घातपात घडवत होते, असं पाकिस्तान म्हणतो. खरंखोटं खटल्यात ठरायला हवं होतं. पण तारखा नीट बघा. कबुलीजबाबाचा व्हिडिओ २५ मार्चला जगाला दाखवला आणि गुन्हा नोंदवला ८ एप्रिलला! आधी कबुली, मग एफआयआर. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, कारण कोठडीत माणसाकडून काहीही वदवून घेता येतं हे कायद्याला ठाऊक आहे.

२१ सप्टेंबर २०१६ ला लष्करी न्यायालयात खटला सुरू झाला. बंद दाराआड. न्याय देणारे लष्करी अधिकारी, बचावाला नेमलेलाही लष्करी अधिकारी. १० एप्रिल २०१७ ला फाशी जाहीर झाली आणि तिच्यावर शिक्कामोर्तब केलं लष्करप्रमुखांनी. भारताला ना आरोपपत्र मिळालं, ना निकालाची प्रत. आमच्या धंद्यात निकालाची प्रत हातात नसेल तर अपील लिहायचं तरी कशाच्या जोरावर? न्यायाधीश काय म्हणाले, कुठल्या साक्षीवर विश्वास ठेवला, हे कळल्याशिवाय चूक दाखवता येत नाही. माझा आक्षेप शिक्षेच्या कडकपणाला नाही, या बंद दाराला आहे. कसाबचा खटला आर्थर रोडला चालला तेव्हा पत्रकार समोर बसलेले असायचे, त्याला वकील होता, आणि त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले. मुंबईच्या जखमा ताज्या असताना.

आता २५ डिसेंबर २०१७ चं सांगतो, कारण ते माझ्या मनातून जात नाही. इस्लामाबादला जाधवांची आई आणि पत्नी त्यांना भेटल्या. दोघींना कपडे बदलायला लावले, मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली, पत्नीचे बूट परत दिलेच नाहीत. मध्ये काच, बोलणं इंटरकॉमवरून. आई मराठीत बोलू लागली की तिला अडवत होते, शेवटी मराठीत बोलूच दिलं नाही, असं आपल्या परराष्ट्र खात्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. जेलमधल्या मुलाकाती मी पुष्कळ पाहिल्यात. जाळीपलीकडे पोरगा दिसला की आईचं पहिलं वाक्य बहुतेक ‘जेवलास का रे?’ असंच असतं. ते वाक्य तिने कुठल्या भाषेत म्हणावं, हेही पहाऱ्यावरच्यांनी ठरवायचं?

आता हेग. तिथे मुद्दा जाधव दोषी की निर्दोष हा नव्हताच. परदेशी कैद्याला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यावं, असं सांगणाऱ्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा भंग झाला का, एवढाच होता. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली. हेरांना हे कलम लागू नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला फेटाळला. अटकेची खबर भारताला तीन आठवड्यांनी दिली, तोही भंगच ठरला. पण शिक्षा रद्द करा, जाधवांना सोडा, ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. शिक्षेचा प्रभावी फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असा आदेश निघाला. फेरविचार कोणत्या मार्गाने करायचा, ते पाकिस्ताननेच ठरवायचं होतं. ‘जिंकलो’ म्हणताना आपण हा भाग वगळतो.

त्यासाठी पाकिस्तानने मे २०२० मध्ये वटहुकूम काढला, पुढे २०२१ मध्ये कायदा केला. आणि जुलै २०२० मध्ये सांगितलं की जाधवांनीच फेरविचाराचा अर्ज करायला नकार दिलाय. हे त्यांनी खरोखर स्वतःहून ठरवलं का, हे विचारायला १६ जुलैला आपले अधिकारी गेले. पाकिस्तानी अधिकारी जवळच उभे होते, कॅमेरा चालू होता. जाधव तणावाखाली दिसत होते. वकील नेमण्यासाठी त्यांची लेखी संमती घ्यायची होती, तीही घेऊ दिली नाही.

आमच्याकडे कुठल्याही फौजदारी प्रकरणाची सुरुवात वकीलपत्रावरच्या सहीने होते. आपल्या माणसांना त्या दिवशी ती सही न घेताच परत यावं लागलं.