वाचक विचारतात : शेगडी, जंत्री आणि बाकनळी

सोनारकामाबद्दल कोकणातल्या वाचकांकडून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

कुडाळ : मी काम शिकतोय. जंत्रीतून (तार बारीक करायच्या, भोकं असलेल्या पट्टीतून) चांदीची तार ओढताना पाचव्या-सहाव्या भोकापाशी तुटते. ओढण्यात चूक होते का?

तुटलेलं टोक आधी भिंगाखाली बघा. टोक ओढल्यासारखं निमुळतं होऊन तुटलं असेल, तर दोष ओढण्यात किंवा ताव देण्यात (तार तापवून मऊ करण्यात) आहे. तारेवर लांबीत उभी चीर असेल, तर कांब ठोकताना एखादी कड दुमडून आत गेली आहे. आणि एक टोक वाटीसारखं खोलगट, दुसरं त्यात बसेल असं टोकदार असेल, तर कांब आतूनच पोकळ किंवा तडकलेली आहे. मग जंत्रीवर कितीही जपून ओढा, तार तुटणारच.

शिकाऊ हाताकडून बहुतेक वेळा हा तिसरा प्रकार होतो, म्हणून ओतण्यापासून सुरुवात करू. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन शोषून घेते आणि गोठताना तो बाहेर टाकते. तो अडकला की कांबीत बारीक पोकळ्या राहतात. त्यासाठी मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स) घालावा आणि वर कोळशाचा चुरा पसरावा. चांदीचा पृष्ठभाग आरशासारखा लखलखला की लगेच ओतावं, उगाच तापवत ठेवू नये. लोखंडी साच्याला आतून खोबरेलाचा हलका हात द्यावा आणि तो एवढा तापवावा की पाण्याचा थेंब पडताच चरचरून उडून जाईल. साचा थंड असेल तर धार थरांनी गोठते. ओला असेल तर वाफेच्या जोराने चांदी अंगावर उडते, म्हणून पावसाळ्यात साचा तापवल्याशिवाय वापरूच नये. धार मधे तोडू नये.

ठोकताना कांब आधी चौकोनी करावी, मग चारही कोपरे दाबून आठ पैलू पाडावेत आणि शेवटी गोल करावी. चौकोन तिरका होऊ लागला की थांबून सरळ करून घ्या. तिरक्या कांबीवर तसेच घाव घालत राहिलं तर ती गाभ्यातून तडकते, आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता जंत्री. तारेचं टोक दोन बोटं लांबीएवढं कानशीने निमुळतं करा. तारेला मेण लावा. भोक सोडून पुढच्या भोकात जाऊ नका. जाडी दहाव्या हिश्शाने कमी झाली की तारेचा आडवा छेद जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो, म्हणजे एक भोक गाळलं की तारेवर दुप्पट ताण येतो. सांडशीची ओढ जंत्रीला काटकोनात हवी. हात वर-खाली झाला तर तार एका अंगाने घासते आणि वळते.

तीन-चार भोकांनंतर, किंवा तार वाकवल्यावर स्प्रिंगसारखी मागे येऊ लागली की ताव द्या. वेटोळं घट्ट बांधून तापवा, सुटी टोकं आत खोचा, नाहीतर ती आधी वितळतात. सावलीत बसून रंग बघा : चांदी मंद लाल दिसली की पुरे. भर उन्हात तो रंग दिसतच नाही आणि ताव जास्त होतो. जास्त ताव खाल्लेल्या तारेचा दाणा मोठा होतो, वळवताना ती संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत दिसते.

एवढं सांभाळूनही तार खडूसारखी तुकडे होऊन पडत असेल, तर मोडीत (वितळवायला घेतलेल्या जुन्या चांदीत) शिसं किंवा कथील आलं आहे. जुन्या डागांना (दागिन्यांना) कुणी कथलाचा डाक (सांधा जोडायचा धातू) लावलेला असतो, तो मुशीत जातो. अगदी थोडं शिसंसुद्धा चांदीला आणि सोन्याला ठिसूळ करतं. अशी मोड शुद्ध करायला द्यावी, त्यात नवी चांदी मिसळून आणखी माल बिघडवू नये.

हिशेबासाठी : 10 ग्रॅम चांदीची 1 मिलिमीटर जाडीची तार साधारण 1.2 मीटर निघते, अर्ध्या मिलिमीटरची 4.8 मीटर. यापेक्षा बरीच कमी भरली तर घट कुठे गेली ते शोधा.

मालवण : डाक वाहत नाही, गोळी होऊन बसतो. पावसात तर फारच. डाक कसा बनवावा?

चांदीसाठी तीन भाग चांदी आणि एक भाग पितळ हा जुना, भरवशाचा डाक. शेवटच्या जोडांसाठी दोनास एक घ्या, तो लवकर वितळतो. आधी चांदी वितळवा, पितळ नंतर घाला. दोन्ही एकत्र तापवली तर पितळेतलं जस्त पांढरा धूर होऊन उडून जातं आणि डाक कडक होतो. पातळ पत्रा ठोकून त्याचे बारीक चौकोन कापा.

गोळी होण्याचं मुख्य कारण म्हणजे ज्योत थेट डाकावर धरणं. डाक तापलेल्या धातूकडे धावतो. आधी सगळा डाग सारखा तापवा, जाड बाजूला जास्त आच द्या, मग ज्योत सांध्यावर आणा. सांधा लाल झाला की डाक आपोआप ओढला जातो. डाकाची गोळी झाली की तीच पुनःपुन्हा तापवण्यात अर्थ नाही. तिच्यातलं जस्त जळतं आणि ती आधीपेक्षा जास्त आच मागते. खरवडून काढा, सांधा घासून नवा तुकडा ठेवा. फट डाकाने भरून निघेल ही आशाही सोडा. सांधा कानशीने असा बसवा की उजेडाकडे धरल्यावर रेघ दिसू नये.

टाकणखार कच्चा लावला तर तापताना फुगतो आणि डाकाचे तुकडे ढकलून देतो. तव्यावर त्याची लाही करा, मग सहाणेवर पाण्यात उगाळून कुंचल्याने लावा. पहिली आच मंद द्या, पाणी उडू द्या.

पावसाळ्याचं म्हणाल तर बिघाड कोळशात असतो. ओला कोळसा तडतडतो, आणि त्याची बरीच आच पाणी उडवण्यातच जाते. करवंट्यांचा कोळसा या कामाला उत्तम, कारण आच मोठी आणि राख कमी. तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लागेल तेवढा आदल्या रात्री चुलीच्या कडेला वाळवा.

बाकनळी (ज्योतीवर फुंकायची वाकडी नळी) फुंकताना हवा गालात साठवा आणि श्वास नाकाने घ्या, म्हणजे धार तुटत नाही. ज्योतीच्या आतल्या निळ्या शंकूचं टोक जिथे संपतं, तिथून किंचित पुढे सर्वांत जास्त आच असते. पिवळी ज्योत काजळी धरते. फार जोरात फुंकलं तर ज्योत थंड पडते.

अलिबाग : आजीच्या बोरमाळेचा एक मणी चेपलाय आणि एकाला भोक पडलंय. झाळून (डाकाने सांधून) मिळेल का?

मिळेल, पण आधी आतली लाख काढून. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, पोकळ असतात आणि चेपू नयेत म्हणून त्यात लाख भरतात. लाखेसकट आच दिली तर आत वायू कोंडून मणी फुटतो. जाणता सोनार मणी गरम करून लाख वाहू देईल, उरलेली स्पिरिटमध्ये विरघळवेल, चेप काढून झाळेल आणि पुन्हा लाख भरेल. काम देताना लाखेसकट आणि लाखेशिवाय अशी दोन्ही वजनं लिहून घ्या. हीच माळ घरी उकळत्या पाण्यात धुऊ नका, लाख त्याहून कितीतरी कमी तापमानाला मऊ होते. मंगळसूत्राच्या वाट्यांमध्येही लाख असते, त्यांनाही हेच लागू.

राजापूर : आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत गुंजांची डबी सापडली. ती फक्त वजनासाठी असायची का?

वजनासाठी तर होतीच : 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे गुंज साधारण 0.12 ग्रॅम. आज दुकानात 10 ग्रॅमला तोळा म्हणतात, जुन्या याद्या वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.

दुसरा उपयोग चिकटवण्याचा. गुंजेची साल काढून आतला गर सहाणेवर पाण्यात उगाळला की चिकट खळ होते. रव्याचे बारीक दाणे किंवा तारेची नक्षी डाक देण्यापूर्वी तिने जागच्या जागी बसते आणि तापल्यावर खळ जळून जाते, मागे फारसं काही राहत नाही. रवा करायचा तर तारेचे एकसारखे तुकडे कापून कोळशाच्या चुऱ्यात एकमेकांना न लागता पसरायचे आणि तापवायचे. प्रत्येक तुकडा आपोआप गोल होतो.

मात्र गुंज विषारी आहे. फोडलेली किंवा उगाळलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. डबी मुलांच्या हाती लागू देऊ नका, हाताला चीर असताना उगाळू नका, आणि ती सहाण स्वयंपाकघरात किंवा औषधाला वापरू नका.

गुहागर : चांदी लवकर काळी पडते. आमसुलाच्या पाण्याने धुतली तर चालेल? नथही त्यातच धुऊ का?

नथ मुळीच नको. मोत्याला आणि पोवळ्याला कुठलंही आंबट चालत नाही : आमसूल, चिंच, बिमली, लिंबू, सगळ्यांनी त्यांची झळाळी जाते. मोती मऊ ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून ठेवावेत. साध्या चांदीला रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. काळेपणा हवेतल्या गंधकाने येतो, आणि दमट हवेत तो लवकर चढतो. म्हणून धुतल्यावर पूर्ण कोरडी करून घट्ट पिशवीत ठेवा. रबरबँड लावू नका, त्यातही गंधक असतं.

चिपळूण : ओळखीच्या सोनाराकडून हाताने घडवून घेतलेल्या डागाला हॉलमार्क मिळतो का?

मिळतो. हाताने केला की यंत्राने, नियम एकच. 16 जून 2021 पासून सोन्याला हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि 1 एप्रिल 2023 पासून विक्रीच्या डागावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (प्रत्येक डागाचा वेगळा ओळखक्रमांक) लागतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तो क्रमांक घालून तपासता येतो. 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या डागाला सूट आहे, तशीच वर्षाला 40 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या सराफालाही आहे. छोट्या गावातला सोनार हॉलमार्कशिवाय काम करतो म्हणून तो फसवतोय असं समजू नका, तुम्ही स्वतः डाग तपासणी केंद्रात नेऊ शकता.

हातकामात एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी. डाकाचं सोनं अंगच्या सोन्यापेक्षा कमी कसाचं असतं, तरच ते आधी वितळतं. चार सांध्यांच्या पाटलीत हा फरक नगण्य, पण तारकामाच्या डागात शेकडो सांधे असतात आणि 916 ची (22 कॅरटची) लगड घेऊनही तयार डाग त्याखाली उतरतो. तेव्हा लगडीचा नव्हे, तयार डागाचा कस ठरवून घ्या. पूर्वी यावर उपाय म्हणून कॅडमियमचा डाक लावत, त्यालाच केडीएम म्हणत. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असतो. आजही कुणी केडीएम असं कौतुकाने सांगितलं, तर तसा डाग घडवून घेऊ नका.