वाचकांचे प्रश्न : स्वभाव की परिस्थिती?

प्रश्न : महाद्वार रोडवर माझे कापडाचे दुकान आहे. कामाला असलेला मुलगा पावसाळा लागल्यापासून वरचेवर उशिरा येतो. परवा भवानीच्या वेळी गिऱ्हाइकांसमोरच मी त्याला ‘कामचुकार’ म्हणालो. मानसशास्त्र शिकणारी माझी मुलगी म्हणते, ‘बाबा, हा मूलभूत गुणारोपण दोष आहे.’ माझा उभा जन्म माणसे पारखण्यात गेला. पुस्तकातल्या एका संज्ञेने ती पारख खोटी ठरते काय?

उत्तर : खोटी ठरत नाही, ती हमखास कुठे घसरते, एवढेच ही संज्ञा सांगते. समोरचा माणूस असा का वागला याचे उत्तर आपण सतत मनाशी ठरवत असतो, आणि त्या ठरवण्यालाच मानसशास्त्रात गुणारोपण म्हणतात. कारण माणसाच्या आत, म्हणजे त्याच्या स्वभावात आणि कुवतीत शोधायचे, की बाहेर, म्हणजे त्याच्या परिस्थितीत, हा भेद फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ मध्ये नीट मांडला. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना आपण स्वभावाला वाजवीपेक्षा जास्त आणि परिस्थितीला कमी वजन देतो; या कलाला ली रॉस यांनी १९७७ मध्ये आपल्या कन्येने सांगितलेले नाव दिले.

याचा ठळक पुरावा त्याआधी दहा वर्षे मिळाला होता. जोन्स आणि हॅरिस यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांना क्यूबाच्या कॅस्ट्रोंच्या बाजूचे व विरोधातले निबंध वाचायला दिले. कोणत्या बाजूने लिहायचे हे लेखकाला नेमून दिले होते, असे स्पष्ट सांगूनही, कॅस्ट्रोंची बाजू मांडणारा मनातून त्यांच्याच बाजूचा असावा, असे वाचणाऱ्यांना वाटत राहिले. आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धेत चिठ्ठी उचलून बाजू ठरते हे ठाऊक असलेले श्रोतेही तावातावाने बोलणाऱ्या मुलीबद्दल घरी जाताना काय बोलतात, ते आठवावे.

असे होण्याचे मुख्य कारण म्हणजे माणूस डोळ्यांसमोर असतो आणि परिस्थिती नसते. गादीवरून आपल्याला दिसतो तो पायरीपाशी घाईघाईने चपला काढणारा, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेला मुलगा. पंचगंगेचे पाणी चढून राजाराम बंधारा पाण्याखाली गेला आणि पलीकडच्या गावातून येणाऱ्याला वळसा पडला, तर तो वळसा दुकानातून दिसत नाही. हा मुलगा त्याच बाजूने येतो की नाही, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. आपण त्याला ते विचारले आहे का, हाही प्रश्नच आहे.

पारख पक्की करायची तर हॅरल्ड केली यांची १९६७ सालची कसोटी कामाला येते. तीत तीन गोष्टी पाहायच्या असतात : सहमती, विशिष्टता आणि सातत्य. त्याच्या गावाकडून येणारे शेजारच्या दुकानांतले इतर कामगारही उशिरा पोहोचतात का? याची ढिलाई फक्त सकाळच्या वेळेपुरती आहे, की ठाण घडी करणे, उधारीची वही, माल उतरवून घेणे, सगळीकडेच आहे? आणि उशीर रोजचा आहे, की पावसाचा जोर असलेल्या दिवसांपुरता? बाकीचे वेळेवर येत असतील, हा मात्र प्रत्येक कामात आणि बारमाही तसाच वागत असेल, तर आपले मत बरोबर आहे आणि कन्येने ते मान्य करावे. पण उशीर पावसाळ्यापासूनचा आहे असे आपणच लिहिता. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या पत्रातच आहे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. उशिराचे कारण कळले म्हणून उशीर माफ करावाच असे नाही. पगार कापायचा की नाही, हा आपला व्यवहार आहे. गिऱ्हाइकांसमोर बोलणे मात्र टाळायला हवे होते, आणि त्यासाठी कोणत्याही सिद्धांताची गरज नाही.

जाता जाता, कन्येसाठी. ‘आपल्या वागण्याला परिस्थिती जबाबदार, दुसऱ्याच्या वागण्याला स्वभाव’ हे १९७१ चे विधान पाठ्यपुस्तके अजून ठामपणे देतात. बर्ट्राम माले यांनी २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एकंदरीत हा फरक जवळजवळ उरला नाही. तो दिसला तो मुख्यतः वाईट प्रसंगांत.

प्रश्न : हे सारे प्रयोग अमेरिकेतले. नात्यागोत्यांत वाढलेल्या आपल्या माणसांना ते कितपत लागू पडतात? (एक शिक्षिका, राजारामपुरी)

उत्तर : शंका रास्त आहे, आणि तिची तपासणी आपल्या शेजारच्याच राज्यात झाली. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हैसूरचे हिंदू आणि शिकागोचे अमेरिकन यांची तुलना केली. त्यातला एक प्रसंग भारतातलाच होता : वकिलाच्या दुचाकीला अपघात झाला, मागे बसलेल्याच्या डोक्याला मार लागला, आणि वकील त्याला रुग्णालयात सोडून कोर्टात निघून गेला, जखमी पुढे दगावला. अमेरिकन मंडळींचा भर वकिलाच्या बेजबाबदार स्वभावावर होता, तर म्हैसूरकरांनी त्याच्या कोर्टातल्या कर्तव्याचा आणि एकंदर परिस्थितीचा विचार अधिक केला. शिक्षिका म्हणून आपल्याला याहून महत्त्वाची वाटेल अशी बाब म्हणजे दोन्हीकडच्या आठ वर्षांच्या मुलांत असा मोठा फरक नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. स्वभावाकडे बोट दाखवण्याची सवय मूल बरीचशी भोवतालच्या मोठ्यांकडून उचलते, असे यावरून म्हणता येते. आपल्याकडे हा दोष नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. वर्गातल्या ‘ढ’ मुलांबद्दल शिक्षकांच्या खोलीत चालणारे बोलणे आपण ऐकतच असाल.

प्रश्न : रंकाळ्यावर सकाळी फिरताना एक गृहस्थ घेरी येऊन पडले. कितीतरी लोक बघून पुढे गेले. आपल्या गावातली माणुसकी आटली का? (एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅट्सन यांनी प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले आणि वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला. काहींच्या भाषणाचा विषय तर बायबलमधील परोपकारी वाटसरूची कथा हाच होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत देऊ केली. उशीर झाला आहे असे सांगितलेल्यांपैकी अवघ्या १० टक्क्यांनी. सकाळी रंकाळ्यावर फेरी मारणाऱ्यांपैकी पुष्कळांना पुढे ऑफिस गाठायचे असते. पुन्हा असा प्रसंग आला, तर ‘कोणीतरी या’ असे न ओरडता एकाकडे बोट करून ‘अहो, निळा शर्ट, तुम्ही १०८ ला फोन लावा’ असे सांगावे.