तालुका वाचनालयातली १५,००० मराठी पुस्तकं संगणकावर आणायची आहेत, सुरुवात कुठून करू?

तुमचं वाचनालय तालुक्याचं, अनुदानित. पुस्तकं १५,०००च्या आसपास, बहुतेक मराठी. कर्मचारी दोन, निधी थोडका. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं आणि जुनी पुस्तकं स्कॅन करावीत का, असं तुम्ही विचारलंय.

सॉफ्टवेअरचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आधी दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी वही) घेऊन कपाटांसमोर उभं राहा आणि साठा पडताळणी पूर्ण करा. त्यातून तीन याद्या निघतील: वहीत आहे पण कपाटात नाही, कपाटात आहे पण वहीत नाही, आणि एकाच दाखल क्रमांकाची दोन पुस्तकं. तिसरी यादी सगळ्यांत त्रासाची. बालविभागाची किंवा देणगीची वही वेगळी असेल आणि ती पुन्हा १ पासून सुरू केली असेल, तर त्या क्रमांकाचं दुसरं पुस्तक संगणक घेणारच नाही. अशा वहीतल्या क्रमांकांआधी एक अक्षर जोडा, पण ते रोमन हवं. नेहमीच्या कोड ३९ किंवा कोड १२८ बारकोडमध्ये देवनागरी अक्षर बसत नाही. फाटकी पुस्तकं निष्कासित करण्याचा ठरावही याच टप्प्यावर करून घ्या. उद्या रद्दीत जाणाऱ्या पुस्तकाची नोंद आज टाइप करण्यात अर्थ नाही. मात्र १९५०च्या आधीचं काही रद्दीत टाकण्यापूर्वी खाली स्कॅनिंगबद्दल लिहिलंय ते वाचा.

सगळ्यांत मोठं काम नोंदींचं. पुस्तक हातात घेऊन एक मराठी नोंद नीट करायला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाला माणशी ६०-७० नोंदी. दोघांनी दुसरं काहीच केलं नाही तरी ११०-१२५ दिवस गेले. देवघेव सांभाळून करायचं तर वर्षभर धरून चला. ‘पंधरा दिवसांत करून देतो’ म्हणणारे बहुधा नोंदवही बघून टाइप करतात, आणि आवृत्ती, प्रकाशनवर्ष, पृष्ठसंख्या वहीत अर्धवटच असते. पुस्तकाचं शीर्षकपान उघडून केलेली नोंदच टिकते.

एक्सेलमध्ये सुरुवात करणार असाल तर दाखल क्रमांक आणि आयएसबीएनचे (पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे) रकाने आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर ००४३२१ चं ४३२१ होतं आणि आयएसबीएनचे शेवटचे आकडे गायब होऊन ९.७८ई+१२ असं काहीतरी दिसतं. हे दोन्ही रकाने इंग्रजी अंकांतच भरा. स्कॅनर इंग्रजी अंक पाठवतो, त्यामुळे नोंदीत देवनागरी अंक असले तर पुस्तक हातात असूनही पडद्यावर ‘सापडलं नाही’ येतं. फाइल जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, साध्या सीएसव्हीत सगळं मराठी प्रश्नचिन्हं होऊन जातं. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून एकेक ओळ तपासावी लागेल. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

युनिकोडमध्येही एक अडचण आहे, आणि ती बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. ‘वाऱ्यावर’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाल्या ऱ-ने, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. एकाने एका तऱ्हेने नोंद केली आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, तर पुस्तक मिळत नाही. ‘ॲ’चंही तसंच. म्हणून दोन्ही संगणकांवर एकच कळफलक ठेवा (इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक उत्तम) आणि अशा दहा-बारा शब्दांचा कागद भिंतीवर लावा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’ असं छापलं असेल तर मूळ शीर्षक तसंच ठेवा (मार्क २१ या ग्रंथालय-नोंदींच्या आंतरराष्ट्रीय साच्यात क्षेत्र २४५), आणि आजचं ‘काही’ पर्यायी शीर्षकात, म्हणजे २४६ मध्ये घाला.

लेखकांच्या नावांची एक प्रमाण यादी पहिल्याच दिवशी उघडा. पु. ल. देशपांडे, देशपांडे पु. ल. आणि देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण असे तीन लेखक तयार झाले, तर वाचकाला एका नावाखाली निम्मी पुस्तकंही दिसत नाहीत. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही दोन्ही नावं शीर्षकपानांवर येतात, तेव्हा त्यांचा परस्परसंदर्भ द्या.

आता सॉफ्टवेअर. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी ते तयार झालं आणि २००० मध्ये वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ते लिनक्सवर चालतं. तुमच्या आकाराला ८ जीबी रॅम, एसएसडी आणि यूपीएस असलेला साधा संगणक पुरतो. बसवणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा: झेब्रा (कोहातला शोधाचा भाग) अनुक्रमणीत आयसीयू (युनिकोड हाताळणारी सोय) चालू करायचं, नाहीतर देवनागरी शोध अर्धवट चालतो. एनआयसीचं (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं) ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर हाही पर्याय आहे. तुमच्या संस्थेला ते मिळेल का, हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारा. काहीही घ्या, पण सगळ्या नोंदी मार्क २१ मध्ये बाहेर काढता येतात ना, हे पैसे देण्याआधी समोर करून दाखवायला लावा. तेवढं जमत नसेल तर घेऊ नका. रोजची बॅकअप प्रत वाचनालयाच्या इमारतीबाहेर जायला हवी, त्याच कपाटातली हार्ड डिस्क बॅकअप नव्हे.

बारकोडसाठी दाखल क्रमांकच वापरा, नवा क्रमांक देऊ नका. साध्या थर्मल कागदावरची छपाई उन्हाने आणि उष्णतेने पुसट होते, इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते. लेझर किंवा रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या.

स्कॅनिंग सगळ्यांत शेवटी, आणि तेही निवडक. ते पुस्तक इंटरनेट अर्काइव्ह, मराठी विकिस्रोत किंवा राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावर आहे का, ते आधी पाहा. असेल तर पुन्हा श्रम नकोत. कुठेच नसेल तर तुमच्या कपाटातली प्रत मोलाची आहे, मग ती कितीही जीर्ण असो. झाकणवाल्या फ्लॅटबेडवर दाबू नका, आम्लामुळे पिवळा पडलेला कागद शिवणीपाशी तुटतो. वरून टिपणारा स्कॅनर आणि व्ही आकाराचा आधार वापरा. ४०० डीपीआय, रंगीत, मूळ प्रत टिफ या फाइल-प्रकारात. डेमी आकाराचं एक पान सुमारे २२ एमबी होतं, म्हणजे २०० पानांना साडेचार जीबी लागतात. वाचकांना पीडीएफ द्या. टेसरॅक्टला (चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला) मराठी येतं, पण छपाईच्या जुन्या खिळ्यांची जोडाक्षरं ते चुकवतं, म्हणून माणसाने तपासल्याशिवाय तो मजकूर पुढे देऊ नका.

स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६४ किंवा त्याआधी वारलेल्या लेखकांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन १ जानेवारी २०२५पर्यंत खुलं झालेलं आहे. अनुवादक, प्रस्तावनाकार आणि चित्रकाराचा हक्क वेगळा मोजा. हक्कातलं पुस्तक जतनासाठी स्कॅन करायची सोय २०१२च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे, पण छापील प्रत तुमच्याकडे असायला हवी. ती फाइल संकेतस्थळावर टाकण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

हाताने लिहायची दाखल नोंदवही बंद करू नका, तपासणीला ती लागते. दर महिनाअखेर वहीतला आणि संगणकातला शेवटचा क्रमांक जुळवा. फरक आला तर त्याच दिवशी शोधा, कारण दोन महिन्यांनी ते पुस्तक कोणाच्या घरी आहे हे कळत नाही.