थग, हूलिगन, व्हिलन, गून: इंग्रजीतले हे शब्द आले कुठून?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: इंग्रजीत दांडगट, गुंड माणसांसाठी जे शब्द आहेत ते आले कुठून, आणि त्यातला ‘गून’ आपल्या ‘गुंड’वरून आला का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही. ‘गून’ अमेरिकेतला. ‘गूनी’ म्हणजे बावळट, असा जुना बोलीतला शब्द होता. १९३०च्या दशकात पॉपायच्या चित्रमालिकेत ॲलिस द गून हे धिप्पाड पात्र आलं, आणि त्याच सुमारास कामगारांच्या संपांमध्ये मारामारीसाठी आणलेल्या भाडोत्री माणसांना गून म्हणू लागले. ‘गुंडा’ इंग्रजीत शिरला तो वेगळ्या वाटेने. बंगालमध्ये १९२३ साली त्या नावाचा कायदाच झाला होता.

आता मोठा प्रश्न. या शब्दांची मुळं पाहताना मला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, त्यातले फार थोडे शब्द मुळात वाईट कृत्याचे आहेत. बरेचसे माणसांच्या जातकुळीचे आहेत.

‘व्हिलन’ घ्या. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे जमीनदाराचा मळा आणि वाडा. तिथे राबणारा तो ‘व्हिलानुस’. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्लंडात आला तेव्हा त्याचा अर्थ होता जमिनीला बांधलेलं कूळ. ज्यांच्या शेतात हे लोक राबत, त्यांच्याच तोंडी हा शब्द आधी अडाणी, मग हलकट आणि शेवटी दुष्ट असा घसरत गेला. आडमुठ्या माणसाला ‘बूअर’ म्हणतात, तोही डच भाषेतला साधा शेतकरी. दक्षिण आफ्रिकेतले बोअर तेच नाव अभिमानाने लावत. ‘चर्ल’ म्हणजे उद्धट, पण जुन्या इंग्रजीत तो स्वतंत्र सामान्य माणूस होता, आणि राजांचं ‘चार्ल्स’ हे नाव त्याच मुळातून आलं आहे. आपणही ‘गावंढळ’ शिवीसारखा वापरतोच, तेव्हा ही खोड एकट्या इंग्रजांची नाही.

परक्यांचंही तेच. व्हँडल ही एक जर्मानिक टोळी. तिने ४५५ साली रोम लुटलं. रोम लुटणारे दुसरेही होते, पण नाव चिकटलं यांना. ‘व्हँडलिझम’ हा शब्द मात्र पुष्कळ नंतरचा. फ्रेंच राज्यक्रांतीत कलाकृतींची नासधूस सुरू झाली तेव्हा धर्मगुरू ग्रेगवार यांनी १७९४ साली तो प्रचारात आणला. ‘हूलिगन’ १८९८च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांत पोलीस कोर्टाच्या बातम्यांमधून पसरला. तो आयरिश आडनावावरून आला असं मानतात. पॅट्रिक हूलिगन नावाच्या कुणा आडदांडाची गोष्ट सांगितली जाते, तिला भक्कम पुरावा नाही. पुढे रशियात हूलिगनपणा हा दंडसंहितेतला गुन्हा झाला.

‘बुली’ची घसरण तर आणखी मोठी. आज तो दुबळ्यांना छळणारा, पण सोळाव्या शतकात तो ‘लाडक्या’साठीचा शब्द होता!

पण आपल्या जिव्हाळ्याचा शब्द ‘थग’. संस्कृत ‘स्थग’ म्हणजे लबाड, कपटी. त्यातून आपले ठग आणि ठक. ‘ठकास महाठक’ म्हणताना आपल्या मनात मारहाण येत नाही, फसवणूक येते. वाटसरूंशी गोड बोलून, त्यांच्या तांड्यात मिसळून, मग रुमालाने गळा आवळून लुटणाऱ्यांना हे नाव पडलं. दक्षिणेत त्यांना फांसीगार म्हणत. १८३०च्या दशकात जबलपूरकडे विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर मोठी मोहीम उभारली. १८३६चा कायदा असा होता की, ठगांच्या टोळीत कधी सामील होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप. कुणाला मारलं हे दाखवायची गरज नाही. १८३९मध्ये मेडोज टेलरची ठगावरची कादंबरी लंडनमध्ये गाजली. हाच टेलर पुढे आपल्या नळदुर्गला अधिकारी होता. ठग खरोखर किती होते आणि देवीसाठी खून करणारा पंथ कितपत खरा, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. खून झाले हे नक्की. पण सगळ्या देशभर पसरलेली एकच गुप्त संघटना हे चित्र मला पटत नाही, कारण ते उभं आहे जीव वाचवायला बोलणाऱ्या कैद्यांच्या शब्दांवर.

कृत्य न पाहता टोळीवरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याची विचारसरणी ठगांपाशी थांबली नाही. १८७१च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. आपल्याकडे पारधी, कैकाडी, भामटा या समाजांच्या वाट्याला पोलिसांकडची हजेरी आली, सोलापूरसारख्या ठिकाणची सेटलमेंट, म्हणजे पहाऱ्यातली वसाहत आली. हा शिक्का कायद्यातून पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. ‘भामटा’ ही एका समाजाची ओळख आहे आणि आपण तो शब्द रोज लबाडासाठी वापरतो. मी तो वापरणं सोडलं आहे.

इंग्रजीत ‘थग’मधली लबाडी गळाली आणि नुसता दांडगा उरला. अमेरिकेत तो आता बऱ्याचदा कृष्णवर्णीय तरुणांना उद्देशून येतो. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या रिचर्ड शर्मन या कृष्णवर्णीय खेळाडूला २०१४मध्ये सामन्यानंतरच्या एका आवेशपूर्ण मुलाखतीवरून लोक थग म्हणू लागले, तेव्हा त्याने सरळ सांगितलं की, जुनी वर्णद्वेषी शिवी देता येत नाही म्हणून आता हा शब्द वापरला जातो.